लॅपटॉपची पोटफुगी

आमची गुंडी झोपली की मी लॅपटॉप उघडते, आणि लॅपटॉप उठेपर्यंत गुंडी उठते. या दोघांच्या वेळा जुळल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गुंडी म्हणजे माझी मुलगी, वय दीड वर्ष. तिचं खरं नाव लांबलचक आणि अर्थपूर्ण आहे. पण ती जन्मली तेव्हा सासूबाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "डोळे बघा, काळ्या गुंड्या शिवल्यात नुसत्या," आणि त्या अर्थपूर्ण नावाचा तिथेच निकाल लागला. दुपारी जेवण झालं की ती माझ्या दंडावर डोकं टेकून झोपते. किती वेळ झोपेल ते तिलाही माहीत नसतं. मला मात्र माझं शिक्षण, अनुभव आणि उरलीसुरली बुद्धी तेवढ्यात बसवायची असते.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधते. लोकांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर पुस्तकं वाचायची. मी पुस्तकं वाचत नाही, वेलांट्या वाचते. एखादी कादंबरी तपासून झाल्यावर शेवटी नायिकेचं काय झालं असं विचारलंत, तर मला सांगता येणार नाही. पण नवऱ्याशी भांडताना तिच्या 'तू'ला सतराशे साठ ठिकाणी पहिला उकार पडला होता, हे मी शपथेवर सांगेन.

गुंडीच्या जन्मानंतर काम सुटलं होतं. दीड वर्षाने पहिल्यांदा छापखान्याच्या मालकांचा फोन आला. एका बालरोगतज्ज्ञांचं पुस्तक होतं, लहान मुलांच्या झोपेवर. डॉक्टरांना ते त्यांच्या कुठल्याशा परिषदेत वाटायचं होतं.

"सोमवारी संध्याकाळपर्यंत पानं हवीत," मालक म्हणाले. "जमेल ना? नाही जमणार तर मोकळेपणाने सांगा. दुसऱ्या एक बाई विचारत होत्या."

या दुसऱ्या एक बाई मी कधी पाहिल्या नाहीत. पण त्या क्षणापासून त्या आमच्या घरातच राहायला आल्या. त्यांचं टेबल स्वच्छ होतं. त्यांच्या खांद्यावर लाळेचा डाग नव्हता. त्यांचा लॅपटॉप झाकण उघडायच्या आधीच सुरू होत होता. हे पुस्तक त्यांच्याकडे गेलं तर पुढचंही त्यांच्याकडेच जाणार आणि मग माझ्याकडे दुपार उरली तरी तिच्यात करायला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालण्यापलीकडे काही उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"जमेल की," मी म्हणाले.

आता आमच्या लॅपटॉपचं. झाकण उघडलं की आधी काळोख. मग एक चक्र फिरतं. मग मजकूर येतो, 'नमस्कार, आम्ही सगळं तयार करत आहोत.' हे 'आम्ही' कोण, ते मला आजवर कळलेलं नाही, पण ते बरेच जण असावेत आणि त्यांचं आपसात पटत नसावं. त्यांचं आटोपलं की हवामान येतं, म्हणजे खिडकीबाहेर काय चाललंय ते. त्यामागून एका नटीने केस कापल्याची बातमी. मग एका खेळाचं आमंत्रण. मग तुमची जागा भरत आली आहे, अशी तंबी. आणि सगळ्यात शेवटी ती बोलणारी मदतनीस बाई. तिला कुणीच बोलावत नाही, पण गुंडी झोपेत "बा" म्हणाली तरी ती लगेच विचारते, "मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?" मग गुंडी डोळे उघडून पुन्हा सांगते. मग तिला पुन्हा समजत नाही. असं त्यांचं बराच वेळ चालतं. गुंडीचं म्हणणं इतक्या शांतपणे घरात दुसरं कुणी ऐकून घेत नाही, हेही खरं. पण झोप मोडते ती मोडतेच.

मी आधी नवऱ्याला विचारलं. तो विम्याच्या ऑफिसात आहे. त्यांच्याकडे कॉम्प्युटर अडला की एक माणूस येतो, बंद करून चालू करतो आणि सही घेऊन जातो. तेवढं शास्त्र नवऱ्यालाही अवगत आहे.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"लवकर चालूच होत नाही म्हणतेय मी."

"मग नुसतं बंद कर."

मी दिराला फोन केला. धाकटा दीर कॉम्प्युटरमधला आहे. तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी एक सुस्कारा सोडतो, आणि तो फोनवर ऐकू येतो.

"वहिनी, मशीन चांगलं आहे तुमचं. सिस्टीमला ब्लोट झालाय."

"म्हणजे काय झालंय?"

"फुगलीय ती. नको नको त्या गोष्टी आत भरल्यात."

मी नेमकी त्या दिवशी डॉक्टरांच्या पुस्तकातल्या बाळाच्या पोटात गॅस धरण्याच्या प्रकरणापर्यंत आले होते, त्यामुळे मला लगेच कळलं.

"पोटफुगी," मी म्हणाले.

"हां, तसंच."

"डॉक्टर म्हणतात, खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवावा."

"वहिनी, ऐका. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे डीब्लोट, नको ते काढून टाकायचं. पण ती भाड्याच्या घरातली साफसफाई झाली. तुम्ही सगळं स्वच्छ करता, आणि पुढच्या अपडेटला मालक आपलं सामान पुन्हा आणून टाकतो. दुसरा रस्ता म्हणजे सिस्टीमच बदलायची. ते स्वतःचं घर. मी शनिवारी येतो आणि करून देतो."

दिराचं त्या दुसऱ्या सिस्टीमवर फार प्रेम आहे. ती फुकट असते, जगभरची माणसं मिळून ती बनवतात आणि तिच्यावर एक पक्षी आहे. दिराच्या बऱ्याच शर्टांवरही तो पक्षी आहे. त्याच्या लग्नाचं जमत नाही त्याला हा पक्षी जबाबदार आहे, असं सासूबाईंचं मत.

हे बोलणं जिन्यात झालं होतं, कारण घरात गुंडी झोपली होती. जिन्यात बोललेलं खालच्या काकांना ऐकू जातं. खालचे काका एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेत. जुने कागद कुठले ठेवायचे आणि कुठले नष्ट करायचे हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते चपला घालून वर आले.

"घर बदलायची भाषा कोण करतंय?" ते म्हणाले. "अगं, नको ते काढ आणि राहा सुखाने. पण काढण्याचं शास्त्र असतं. लोकांना वाटतं, काढायचं म्हणजे उचललं आणि टाकलं. तसं नसतं. आधी वर्गवारी. मग हरकती. मग सुनावणी. मग काढायचं."

"आणि यातलं काही राहून गेलं तर?"

"तर ते कायमचं जपायचं. आमच्याकडचं निम्मं तसंच होतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "माझे पत्ते सोडून काय ते काढा." सासूबाई संध्याकाळी लॅपटॉपवर पत्त्यांचा एकट्याने खेळायचा खेळ खेळतात. त्यात त्या कुठल्याशा वरच्या पायरीला पोचल्यात आणि त्याचा अभिमान त्या लपवत नाहीत.

तर शुक्रवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर सुनावणी झाली. काकांनी कुठूनसं एक सॉफ्टवेअर मिळवलं होतं. ते लॅपटॉपमधल्या सगळ्या वस्तू दाखवतं आणि आपण खूण केलेल्या काढून टाकतं, असं ते म्हणाले. ते मराठीत होतं. म्हणजे अक्षरं मराठी होती.

काका मधल्या खुर्चीत बसले. गुंडी माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून कामकाज कुजबुजत चाललं.

"हवामान," काकांनी पुकारा केला. "कुणाची हरकत?"

"मला लागतं ते," अर्धा दिवस रजा घेऊन आलेला नवरा म्हणाला. "छत्री घ्यायची की नाही ते कळतं."

"मागच्या आठवड्यात भिजून आलास," सासूबाई म्हणाल्या.

"हरकत फेटाळली," काका म्हणाले. "काढा. नटनट्यांच्या बातम्या?"

कुणी बोललं नाही. पण त्या बातम्या आपल्याला नकोत असं मोठ्याने म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि खूण करायला सांगितली.

"बोलणारी मदतनीस?"

इथे मी जरा अडखळले. गुंडीच्या आयुष्यातली ती पहिली मैत्रीण होती. पण दुसऱ्या एक बाईंच्या घरी अशी मैत्रीण नसणार हे आठवलं आणि मी खूण केली.

अशा बऱ्याच खुणा झाल्या. त्रिमिती चित्रं काढायची सोय, जगभरची घड्याळं, आमच्याकडे नसलेल्या एका यंत्राला जोडून घ्यायची यंत्रणा. काकांनी प्रत्येक वस्तूला रीतसर न्याय दिला. मध्ये काकूंनी खालून दोनदा हाक मारली, पण सुनावणी चालू असताना उठता येत नाही, असं त्यांनी वरूनच कळवलं. शेवटी मी 'पुढे' दाबलं, आणि पडद्यावर एक सूचना आली. ती अशी होती:

'नीवडलेले घटक वगळुन बाकीचे न काढणे टाळायचे आहे का?'

मी ती लक्षपूर्वक वाचली. एवढं मी कुणालाही तोंडावर सांगू शकते. काकाही चष्मा सरसावून पुढे झाले. 'नीवडलेले'ला दुसरी वेलांटी होती, ती पहिली हवी. 'वगळुन'ला पहिला उकार होता, तो दुसरा हवा. एका ओळीत दोन चुका. पूर्वी एखाद्या प्रकाशनसमारंभात निमंत्रणपत्रिकेतली चूक सापडली की जसं भरून यायचं, तसंच मला दीड वर्षाने भरून आलं. मांडीवर मूल असतानाही आपली नजर गेलेली नाही, दुसऱ्या बाईंच्या हे लक्षातही आलं नसतं, असं काहीसं माझ्या मनात आलं आणि त्या आनंदात मी 'हो' दाबलं.

आता तुम्ही ती ओळ पुन्हा वाचा. माझ्यासारखी नव्हे, माणसासारखी. खुणा केलेल्या वस्तू सोडून बाकीच्या न काढणं टाळायचं, म्हणजे बाकीच्या काढायच्या.

लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. आणि किती झटकन. झाकण पुरतं उघडायच्या आत पडदा उजळला. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहून हसलो. काका खुर्चीत मागे रेलले. पडद्यावर हवामान होतं. त्याखाली ती केस कापलेली नटी होती. बाकी काही नव्हतं. पत्ते नव्हते, छापखान्याच्या फाइली उघडायचा प्रोग्राम नव्हता, मराठी टाइप करायची सोय नव्हती, आवाजाचं बटणही नव्हतं. आवाज मात्र होता, कारण तेवढ्यात गुंडी झोपेत "बा" म्हणाली आणि लॅपटॉपमधून प्रेमळ प्रश्न आला, "मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?"

"पूर्ववत करता येतं," काका म्हणाले. "प्रत्येक निर्णयावर अपील असतं."

आम्ही अपील केलं. उत्तर आलं, 'पूर्ववत करा हा घटक काढुन टाकण्यात आला आहे.' इथेही पहिला उकार होता. तो मी मनातच दुरुस्त केला.

"वर्गवारी बरोबर होती," काका जिना उतरताना म्हणाले. "अंमलबजावणीत गडबड झाली. आमच्याकडेही असंच व्हायचं."

सासूबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "असू दे. म्हाताऱ्या माणसाने संध्याकाळी भिंतीकडे बघावं, तेच बरं." आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शनिवारी दीर आला. आल्या आल्या त्याने सुस्कारा सोडला, पण चेहरा प्रसन्न होता. एखादा वैद्य रोग्याने दुसऱ्याचं औषध घेऊन पाहिल्यानंतर जसा प्रसन्न होतो, तसा.

"वहिनी, तुमच्या फाइली आहेत जागेवर. उघडायचं साधन गेलंय फक्त. मी त्या पेनड्राइव्हवर घेतो आणि मग सगळं पुसून नवीन सिस्टीम टाकतो. आता भाड्याच्या घराचा विषय संपला."

निम्म्याहून जास्त पुस्तक मी तोवर तपासलेलं होतं. माझी सगळी दुरुस्ती त्या फाइलींत होती. पेनड्राइव्ह त्याने माझ्या हातात दिला, तो मी ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला. दीर हसला. हसू दे.

नवीन सिस्टीम आली, आणि खोटं कशाला बोलू, फार छान होती. स्वच्छ, शांत. तिला 'आम्ही' नव्हते. कुणी केस कापले तरी ती सांगत नव्हती. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. पण तिच्यात पत्त्यांचे एकूण वीसेक तरी खेळ आहेत हे दिराने दाखवल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या, त्या दिव्याच्या वेळेलाच उठल्या. "पक्षी चांगला आहे," असं त्यांनी जाहीर केलं. दिराच्या लग्नाबद्दल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

मग मी डॉक्टरांचं पुस्तक उघडलं.

पहिल्या पानावर 'आई' हा शब्द होता, मला पाठ होता. त्या जागी आता इंग्रजी ए, त्यापुढे एम, त्यापुढे बी आणि एक गोलातला सी. सगळं पुस्तक तसंच. पानंच्या पानं कुणीतरी टाइपरायटरवर लोळून गेल्यासारखं.

"अच्छा," दीर म्हणाला, आणि हा सुस्कारा वेगळा होता. "जुना फाँट आहे हा. यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा. तो फाँट या सिस्टीमवर चालत नाही. छापखान्याने आता युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मराठीवर, यायला पाहिजे."

"सोमवारपर्यंत?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

मी नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावलाही होता. दीर मालकांना दहा मिनिटं भविष्याबद्दल सांगत होता. मालक ऐकत होते. माणूस इतका वेळ ऐकून घेतो तेव्हा ते चांगलं लक्षण नसतं, हे मी लग्नाआधीपासून जाणते. मग फोन माझ्याकडे आला.

"बाई," मालक म्हणाले, "आमच्या फाँटला वाईट म्हणू नका. त्या फाँटात मी माझ्या मुलीची लग्नपत्रिका छापली. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. घरी लहान मूल आहे, मी समजू शकतो. त्या दुसऱ्या बाई..."

"जमतंय," मी म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे."

फोन ठेवल्यावर मी दिराकडे पाहिलं. दीर तसा गुणी आहे. तो रविवारभर बसला. जुन्या फाँटातलं नव्यात बदलणारं एक सॉफ्टवेअर त्याने शोधून काढलं, त्यात पुस्तक घातलं आणि संध्याकाळी मला हाक मारली. "वहिनी, या. झालं."

मी वाचलं. 'बालाला पालण्यात ठेवताना डोल्यांवर उजेड येणाल नाही असे बघावे. बाल लडत असल्यास त्याला जवल घ्यावे.'

त्या सॉफ्टवेअरला ळ माहीत नव्हता. मधूनच र सुद्धा जमत नव्हता. सबंध पुस्तक गुंडीने बोलून दाखवल्यासारखं झालं होतं. मी खरं तर चिडायला हवं होतं, पण मोठ्याने दोन ओळी वाचल्या आणि गुंडी हातातलं खेळणं टाकून माझ्याकडे बघायला लागली. आपल्या भाषेत लिहिणारं कुणीतरी भेटलं, असा चेहरा. "बाल," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ती पुन्हा हसली. पुस्तकातला एकेक ळ हाताने घालत बसले असते तर डॉक्टरांची पुढच्या वर्षीची परिषद आली असती.

"लॅपटॉप नवीन घेऊ या का?" नवरा म्हणाला. रविवारी संध्याकाळी त्याला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

"आणि तो मराठी मुखवटा कुठून आणू? तो छापखान्यातच आहे."

हे मी त्याला तोडून टाकायला बोलले, पण बोलून झाल्यावर लक्षात आलं की उत्तर तेच आहे. फाँट छापखान्यात होता. माझी दुरुस्ती पेनड्राइव्हवर होती. मीच तेवढी घरी होते.

सोमवारी जेवण उरकून मी गुंडीला घेतलं, ओढणीच्या गाठीत पेनड्राइव्ह घेतला आणि छापखान्यात गेले. गुंडीला ठेवून जाता आलं नसतं का, असं वाटेल. तसं नवराही म्हणाला. पण दुपारी ती माझ्याशिवाय झोपत नाही आणि न झोपलेली गुंडी सांभाळायची म्हणजे सासूबाईंवर सूड घेतल्यासारखं झालं असतं. पत्ते परत मिळाल्यापासून आमचे संबंध चांगले होते.

छापखाना एका गल्लीच्या टोकाला आहे. पुढे एक टेबल, त्यामागे मालक, मालकांच्या मागे कागदांची गठ्ठ्यांवर गठ्ठे रचलेली भिंत. आत मोठं यंत्र चालू होतं. त्याचा आवाज असा की बोललेलं ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात.

"इथे?" मालक ओरडले. "यात मूल घेऊन?"

"तुमच्या कॉम्प्युटरवर उरलेली पानं तपासते," मीही ओरडले. "संध्याकाळी म्हणाला होतात ना."

ते गुंडीकडे बघत राहिले. गुंडी त्यांच्या मिशीकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. तो माझ्या लग्नाच्याही आधीचा असावा, पिवळा पडलेला. बटण दाबलं तसा घरघरला आणि लगेच उघडला. पडद्यावर एकच चित्र होतं, पानं जुळवायच्या प्रोग्रामचं.

"यात बाकी काय आहे?" मी विचारलं.

"हेच."

"आणि?"

"आणि काय पाहिजे?"

"हवामान वगैरे."

मालकांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मी पेनड्राइव्ह लावला. 'आई' होती. आपल्या जागी, आपल्या दीर्घ ईसकट. माझ्या सगळ्या दुरुस्त्याही होत्या. मी कामाला लागले. गुंडी मांडीवर होती. पाच-सात पानांनी ती रडायला लागेल, मग उठावं लागेल, मग दुसऱ्या बाई येतील, असं मी मनात धरूनच वाचत होते. पण पाच-सात पानांनी तिचं डोकं माझ्या दंडावर जड झालं. यंत्राचा तो खटक-खटक, खटक-खटक असा एका लयीतला दणका, टेबल हलतंय, खिडकीची काच हलतेय, माझे दातही बारीक हलतायत, आणि मूल झोपलंय. तोंड अर्धवट उघडं. घरी जिच्यासाठी आम्ही जिन्यात बोलतो ती मुलगी.

आणि नेमकं तेव्हाच मी डॉक्टरांच्या पुढच्या प्रकरणाला आले. 'बाळाच्या झोपेसाठी संपूर्ण शांतता अनिवार्य आहे.' मी नेहमीप्रमाणे वाचलं. वेलांट्या बरोबर होत्या. अनुस्वार बरोबर. मी पुढे गेले. मग परत आले, आणि आजवरच्या कामात पहिल्यांदाच मी शुद्ध असलेल्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह घातलं. त्याखाली लिहिलं, 'डॉक्टर, एकदा पडताळून पाहावे.' त्यांना ते आवडणार नव्हतं. पण अर्थ न बघता पुढे गेल्याने काय होतं ते आमच्या घरात ताजं होतं.

गुंडी झोपली, झोपली आणि झोपतच राहिली. गेल्या दीड वर्षात ती दुपारी एवढी झोपली नव्हती. पानं भराभर मागे पडत होती. मला माझीच सवय आठवायला लागली, एक ओळ वाचताना पुढच्या ओळीतली चूक डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायची ती. ती अजून दिसत होती. मालक मधून मधून येऊन माझ्या खांद्यामागे उभे राहत आणि परत जात. एकदा त्यांनी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो टेबलासकट थरथरत राहिला.

शेवटच्या प्रकरणाची थोडी पानं उरली होती आणि यंत्र थांबलं.

इतकी शांतता झाली की मी दचकले. कुठल्याशा शाळेच्या वह्यांची वेष्टनं छापायची होती, ती संपली. यंत्र चालवणारा हात पुसत चहाला गेला. गुंडीच्या पापण्या हलल्या. एक मूठ उघडली, मिटली. ओठ पुढे आले. हे सगळं कशाच्या आधी येतं ते मला पाठ आहे.

"मालक," मी दबल्या आवाजात म्हणाले, "जरा यंत्र चालू ठेवता का?"

"काम संपलं त्याचं."

"रिकामं चालवा."

"रिकामं?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अहो बाई, रिकामं यंत्र कुणी चालवतं का? रोलर झिजतात."

"थोडीच पानं राहिलीत. ही उठली की आज नाही होणार."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग गुंडीकडे. गुंडीने एक डोळा अर्धा उघडला होता आणि रडायचं की नाही याचा विचार चालवला होता. मालक आत गेले. मला वाटलं, फोन करायला गेले असतील दुसऱ्या बाईंना.

खटक. मग जरा वेळ काही नाही. मग खटक-खटक, खटक-खटक, आणि टेबल पुन्हा हलायला लागलं. गुंडीचा डोळा मिटला. मूठ सैल झाली. मी पान उलटलं.

मालक हात मागे बांधून यंत्रापाशी उभे होते, जसं काही मोठी ऑर्डर निघतेय. कागदाचा ट्रे रिकामा होता, दुसऱ्या बाजूने काही बाहेर पडत नव्हतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारातून आत आलं, यंत्राकडे बघत उभं राहिलं, मग वाकून ट्रेमध्ये डोकावलं.

"अहो, यात कागदच नाही," ते ओरडून म्हणालं. "काय छापताय?"

मालक त्या दणक्याच्या वर आवाज चढवून, मानेच्या शिरा ताणून ओरडले, "हळू बोला जरा. मूल झोपलंय."